लोखंड म्हातारं झालेलं नाही

कर्जाच्या तपासणीला आलेले एक अधिकारी आमच्या शॉपमध्ये सिलिंड्रिकल ग्राइंडरपाशी थांबले. शेजारच्या ट्रेमध्ये घासून तयार झालेले शाफ्ट होते, ते त्यांनी पाहिले नाहीत. मोजमापांची वही मागितली नाही. त्यांची नजर गेली ती पॅनेलवरच्या फ्लॉपी ड्राइव्हकडे आणि काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांकडे. अहवालात त्या मशीनपुढे एकच शब्द आला : कालबाह्य. तारण म्हणून त्याची किंमत भंगाराच्या भावानं धरली गेली.

हा एकाच माणसाचा गैरसमज असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण हेच वाक्य मी औद्योगिक मेळाव्यांत ऐकतो, सल्लागारांकडून ऐकतो, मशीन विकायला येणाऱ्यांकडून तर दर महिन्याला ऐकतो. आता आमच्याच शॉपमालकांची शिकून आलेली मुलंही ते बोलू लागली आहेत. जुन्या संगणकावर चालणारं मशीन म्हणजे संपलेलं मशीन. त्याच्यासाठी जुना बोर्ड शोधत बाजार पालथा घालणं म्हणजे कंजूषपणा. भंगाराच्या मागे पैसे घालवू नका, नवं घ्या. मी २६ वर्षं कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मशीनच्या देखभालीचं काम करतोय. हे म्हणणं मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते मला हिशेबानं सांगायचं आहे.

आधी म्हातारं काय झालंय ते पाहू. ग्राइंडरचा बेड बिडाचा आहे. मशीनचं वजन सहा टनांच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा या ओतीवाचा. त्याच्या सरकत्या पट्ट्या जर्मनीतल्या कुणा कारागिरानं हातानं स्क्रेप केलेल्या आहेत. तेल पुसून बॅटरीचा उजेड आडवा टाकला की स्क्रेपरचे ते चंद्रकोरीसारखे ठसे आजही दिसतात. म्हणजे तिथलं लोखंड अजून झिजलेलंच नाही. नव्या ओतीवात ताण असतात आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू सुटतात. या बेडचे कधीच सुटून गेलेत, तो आता हलत नाही. त्याच्यावर आजही पाच मायक्रॉनच्या आत गोलाई मिळते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज घ्यावा. मग कालबाह्य काय आहे? पॅनेलच्या मागे, दोन वितींच्या पत्र्याच्या डब्यात बसलेला एक ४८६ मदरबोर्ड.

हे दोन भाग एकमेकांच्या गळ्यात कुणी बांधले? आम्ही नाही. नव्वदच्या दशकात मशीन बांधणाऱ्या अनेक लहान-मध्यम कंपन्यांनी स्वतःचा कंट्रोलर घडवण्याऐवजी बाजारातला साधा पीसी उचलला, त्याच्या आयसा स्लॉटमध्ये आपलं अक्ष चालवणारं कार्ड खोचलं आणि डॉसवर आपला प्रोग्राम चढवला. विकताना सांगितलं गेलं की पीसीचे भाग जगात कुठेही मिळतात, तुम्हाला आमच्यावर अवलंबून राहावं लागणार नाही. त्या वेळी ते खरंही होतं. सोळा बिटांचा तो स्लॉट आयबीएमनं १९८४ साली आणला आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घरगुती मदरबोर्डांवरून तो उतरू लागला. पंधरा वर्षं. ऑफिसातल्या संगणकाला पंधरा वर्षं म्हणजे तीन पिढ्या. बिडाच्या बेडला पंधरा वर्षं म्हणजे अंगवळणी पडायचा काळ. टेबलावर पत्रं टाईप करण्यासाठी बनलेली वस्तू चाळीस वर्षं चालणाऱ्या मशीनच्या डोक्यात बसवली गेली, आणि आता ती वस्तू मिळत नाही म्हणून मशीन टाका म्हणतात. चूक ज्या जोडणीत आहे, तिची शिक्षा धडधाकट लोखंडाला का?

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या सुट्टीनंतरच्या सोमवारी ऑपरेटरचा फोन आला. “साहेब, पडदा पेटतोय, पण म्होरं काय येतच न्हाई.” जाऊन डबा उघडला. मदरबोर्डच्या कोपऱ्यात, कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळ्या वेष्टनातली करंगळीएवढी निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला ती त्या काळी बोर्डवरच झाळलेली असे. ती फुटून तिच्यातला क्षार बाहेर आला होता. हिरवट पांढरी लव बोर्डवर दोन इंच पसरली होती आणि तिच्याखालचे तांब्याचे ट्रॅक खाल्ले गेले होते. बॅटरी कापून काढली, तो भाग व्हिनेगरनं धुतला, मग स्पिरिटनं. भिंग लावून मोजले तर सात ट्रॅक तुटलेले. केसासारख्या तारेनं एकेक जोडला. संध्याकाळी मशीन उठलं. बुधवारी दुपारी परत बसलं, आणि या वेळी कायमचं.

मग शोध सुरू झाला. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली पाहिली, मुंबईत लॅमिंग्टन रोडची दुकानं पाहिली. एकानं गोदामातून आयसा स्लॉट असलेला, चांगल्या अवस्थेतला बोर्ड काढून दिला. प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा, आमच्या जुन्यापेक्षा कितीतरी वेगवान. बसवला, डॉस उठलं, मशीनचा प्रोग्राम सुरू केला आणि पहिल्याच क्षणी पडद्यावर ओळ आली : रनटाईम एरर २००. जुन्या टर्बो पास्कलमधल्या प्रोग्रामांचं हे दुखणं आहे. संगणकाचा वेग जोखायला असा प्रोग्राम सुरुवातीला ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजतो आणि भागाकार करतो. फेऱ्या फार झाल्या तर उत्तर ठेवायला जागा पुरत नाही आणि प्रोग्राम तिथेच मरतो. यावर प्रोग्रामच्या फाईलमध्ये ठिगळ लावायचे उपाय आहेत. पण ज्या प्रोग्रामच्या हातात साडेचारशे मिलिमीटर व्यासाचं फिरतं चाक आहे, त्याच्या पोटात मी अंदाजानं हात घालणार नाही. आम्हाला संथ बोर्डच हवा होता. तो अखेर सांगलीत, बंद पडलेल्या एका संगणक क्लासच्या माळ्यावर मिळाला. दीड हजार रुपये दिले. त्याच माणसाकडून आणखी दोन घेतले.

अकरा दिवस मशीन बंद होतं. हे नुकसान लहान नाही, ते लपवायचं कारणही नाही. पण त्याच आठवड्यात मालकांनी नव्या देशी ग्राइंडरचं दरपत्रक मागवलं होतं. ४८ लाख, आणि मशीन हातात यायला सात महिने. म्हणजे ज्यांना अकरा दिवस हा वेडेपणा वाटतो, त्यांच्या सल्ल्यानं गेलो असतो तर आम्ही दोनशे दिवस हात बांधून बसलो असतो, आणि पाच वर्षं हप्ते भरत राहिलो असतो. तेही त्याच शाफ्टसाठी, त्याच पाच मायक्रॉनसाठी.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो, सुरक्षेचा. जुनं विंडोज, जुनं डॉस, त्याला अपडेट नाहीत, व्हायरस शिरला तर अख्खा कारखाना बसेल. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, हे खरं आहे. एक्सपीवरचं मशीन कारखान्याच्या नेटवर्कला आणि तिथून इंटरनेटला जोडणं हा गुन्हा मानावा, इतपत मी त्यांच्याबरोबर आहे. पण मग नवं घेतलं की धोका टळतो, हा निष्कर्ष कुठून आला? ऑगस्ट २०१८मध्ये तैवानच्या टीएसएमसीचे चिप बनवणारे कारखाने वॉनाक्रायच्या एका प्रकारानं बंद पाडले. तो शिरला कुठून? नव्यानं बसवलेल्या एका यंत्रातून. व्हायरस न तपासता ते नेटवर्कला जोडलं गेलं होतं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले, आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही त्यात सापडलं, कंटेनर अडकून पडले. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून झाली होती. दोन्हीकडे दार ठरली ती जोडणी, वय नव्हे. आमच्या ग्राइंडरला नेटवर्कची तारच नाही. त्याच्यात प्रोग्राम जातो तो एका ठरलेल्या पेन ड्राइव्हवरून, फ्लॉपीच्या जागी बसवलेल्या इम्युलेटरमधून. सोनीनं २०११ साली फ्लॉपी बनवणं थांबवलं म्हणून आम्ही रडत बसलो नाही. ड्राइव्हच्याच मापाचा, त्याच चौतीस पिनांच्या पट्टीवर बसणारा तो डबा थोडक्या पैशांत येतो, आणि मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे. हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आहे. फिरणारा भागच उरला नाही, त्यामुळे झिजायलाही काही उरलं नाही.

“मग रेट्रोफिट करा, नवा कंट्रोलर बसवा,” हा पुढचा सल्ला. अनेक ठिकाणी तो बरोबर असतो आणि मी स्वतः चार मशीनांचे केले आहेत. जिथे ड्राइव्ह जळले, मोटारींची वाइंडिंग गेली, एन्कोडर मिळत नाहीत, तिथे वेळ न घालवता नवा संच घालावा. इमर्जन्सी स्टॉप किंवा दाराचं इंटरलॉक विश्वासाचं राहिलं नसेल तर मशीन त्या क्षणी बंद करावं. त्यात सुट्या भागांचा शोधही येत नाही आणि हिशेबही येत नाही, माणसाची बोटं येतात. पण एका मदरबोर्डसाठी चालते ड्राइव्ह, चालत्या मोटारी, वर्षानुवर्षं सुधारत आणलेला व्हील ड्रेसिंगचा प्रोग्राम हे सगळं उपटून टाकणं म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा बदलणं. शिवाय नवा कंट्रोलरसुद्धा पंधरा-वीस वर्षांनी याच वळणावर उभा राहणार आहे, आणि त्याच्यात पासवर्ड आहेत, लायसन्स आहेत, कंपनीचा माणूस आल्याशिवाय न उघडणारी पानं आहेत. काही आयात मशीनांमध्ये तर जागा हलवली की मशीन स्वतःला कुलूप लावून घेतं. माझा ४८६ बोर्ड मी स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरगननं उघडू शकलो. वीस वर्षांनी माझ्या जागी असणाऱ्या पोराला ते जमेल का, हा प्रश्न नवं घ्या म्हणणाऱ्यांनी अजून मनावरच घेतलेला नाही.

दीर्घ काळ आधार देणं शक्यच नसतं, असंही सांगितलं जातं. फॅनुक कंपनी उघडपणे सांगते की ग्राहक मशीन वापरतो आहे तोवर आम्ही त्याची दुरुस्ती करू. त्यांचा झिरो सीरिजचा कंट्रोलर १९८५चा. आमच्या भागात आजही तो किती व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर (व्हीएमसी) आणि टर्निंग सेंटरवर चालतोय, हे कुठल्याही शॉपमध्ये डोकावून पाहावं. एक कंपनी हे करू शकते, तर बाकीच्यांसाठी ती अशक्य गोष्ट उरत नाही, ती न करण्याची निवड ठरते.

इथे मला माझ्याच लोकांना चार शब्द सुनावायचे आहेत, कारण ते न सुनावता दुसऱ्याला बोलण्याचा अधिकार मला नाही. याच झिरो सीरिजच्या एका व्हीएमसीवर पडद्याच्या खालच्या कडेला ‘बॅट’ ही अक्षरं आठवडाभर लुकलुकत होती. त्या कंट्रोलरची स्मृती तीन मोठ्या टॉर्चच्या सेलवर जिवंत राहते. सेल बदलायचे ते मशीन चालू ठेवून, कारण मेन स्विच बंद असताना सेल काढले की स्मृतीला दुसरा आधारच नसतो. एका नव्या इलेक्ट्रिशियननं शॉक बसू नये म्हणून काळजीनं मेन स्विच पाडला आणि मग सेल काढले. काळजी खरी होती, सांगणारं कुणी नव्हतं. सगळे पॅरामीटर गेले. आरएस-२३२ केबलवरून संगणकात घेतलेली प्रत असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. प्रत नव्हती. होता तो पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवलेला, तेलानं पिवळा पडलेला यादीचा कागद, आणि त्याची खालची दोन पानं उंदरानं कुरतडलेली. रात्रभर आम्ही दोघं, मी वाचणारा आणि आमचे मिस्त्री मामा बटणं दाबणारे. एकेक आकडा, सोळाशे दोन, शून्य शून्य एक शून्य. पहाटे अक्ष हलले. पण झेडचा रेफरन्स चुकला होता, टूल बदलताना हात स्पिंडलच्या तीन मिलिमीटर खाली थांबत होता. तो जुळवायला अजून दोन दिवस गेले. त्यात संगणक जुना असण्याचा काहीच संबंध नव्हता. पाचशे रुपयांची केबल आणि अर्धा तास आम्ही पंधरा वर्षांत कधी काढला नव्हता.

प्रत घ्यायला अनेक मालक घाबरतात, बेकायदा ठरेल म्हणून. सर्व्हिसला येणारे काहीजण ही भीती मुद्दाम घालतातही. कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम ५२ वाचावं. ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत कायदेशीर रीतीनं आहे, त्यानं ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून बॅकअप घेणं हा कॉपीराइटचा भंग नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या मशीनच्या हार्ड डिस्कची नक्कल करून कपाटात ठेवणं हा तुमचा हक्क आहे. आज करा.

आता सरकारकडे वळतो. ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं अशी क्षेत्रं त्यात घेतली. ट्रॅक्टर आहे, फ्रिज आहे. त्या ट्रॅक्टरचे आणि फ्रिजचे भाग ज्या मशीनवर बनतात, ते मशीन नाही. युरोपीय संघाचं २०२४चं निर्देशपत्रही ग्राहकानं घेतलेल्या वस्तूंपुरतंच आहे. मशीन व्यापारी कामासाठी घेतलेलं असतं, त्यामुळे ते ग्राहक कायद्यात बसत नाही, असं यावर उत्तर मिळतं. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच म्हटलंय की स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरायची नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गाळ्यात एकच लेथ घेऊन बसलेला माणूस यापेक्षा वेगळं काय करतो? त्याला सर्किटचा नकाशा, पॅरामीटरची यादी आणि सुटे भाग ठरावीक वर्षं मिळालेच पाहिजेत, आणि मशीन विकतानाच्या करारात ते लिहिलेलं असलं पाहिजे.

आयातीच्या नियमात तर आमची सरळ कोंडी होते. परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्राचे नूतनीकरण केलेले सुटे भाग आणायला परवानगी लागत नाही. मूळ आयुष्यापैकी किमान ८० टक्के शिल्लक असल्याचा सनदी अभियंत्याचा दाखला पुरतो. पण पीसी आणि लॅपटॉपचे नूतनीकरण केलेले भाग प्रतिबंधित, त्यांना परवाना हवा. आता जर्मनीत कुणाच्या तरी कपाटात पडलेला माझा मदरबोर्ड यांतल्या कुठल्या खणात टाकायचा? तो पीसीचा भाग आहे आणि ग्राइंडरचाही आहे. परदेशातला ई-कचरा इथे ओतला जाऊ नये म्हणून हा निर्बंध आहे, आणि तो उठवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण कंटेनरभर जुने संगणक आणि एका मशीनच्या नंबरासह मागवलेला एक बोर्ड यांतला फरक नियमात लिहिणं अवघड नाही.

नकली मालाची भीती घालतात, ती मात्र खोटी नाही. चिपवरचं जुनं नाव घासून नवं छापलेलं मी पाहिलंय. दहा वर्षं कपाटात पडलेल्या बोर्डवरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नुसते पडून वाळतात हेही खरं. म्हणून जुना बोर्ड आणला की मी आधी त्यावरची बॅटरी कापतो, कपॅसिटर बदलतो, टेबलावर तीन दिवस चालवतो आणि मगच त्याला स्पेअर म्हणतो. भीती आहे म्हणून शोध थांबवायचा नसतो, तपासणी वाढवायची असते.

सांगलीहून आणलेल्या तीन बोर्डांपैकी एक मशीनमध्ये आहे, दोन कपाटात अँटिस्टॅटिक पिशवीत, तपासल्याची तारीख लिहून. अक्ष चालवणाऱ्या कार्डाची मात्र आमच्याकडे जोडी नाही. ते बनवणारी कंपनी राहिली नाही, आणि तेच मी आता शोधतोय. त्या काळात अशी मशीनं घेतलेल्या पुष्कळ शॉप्स आज बंद आहेत, त्यांचे पॅनेल कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये उभे आहेत. भंगारवाला ते किलोवर घेतो आणि पुढे ते सोन्याच्या मुलाम्यासाठी चुरा होऊन जातात. तुमच्याकडे असं एखादं पॅनेल असेल, तर काट्यावर चढवण्याआधी त्याचं दार उघडून आत एकदा बघा. सोळा बिटांच्या लांब कनेक्टरचं, पितळी रंगाच्या बोटांचं कार्ड असेल तर ते वेगळं काढून कोरड्या जागी ठेवा, आणि त्यावरचा नंबर वहीत लिहून घ्या.